काहिलीपुढं बसायचं कसं

माझ्या डाव्या पायाचा मला अभिमान आहे. असं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. घोट्याजवळची कातडी अजून काळसर आहे, आतल्या बाजूला बरी झालेली जखम चिंचोक्याएवढी दिसते, आणि मांडीतली एक शीर कायमची बंद आहे. ती आपोआप बंद पडलेली नाही, मी बंद करून घेतली आहे. बाकी पाय चारचौघींसारखाच.

आमचं गुऱ्हाळ दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते उभं केलं. ऊस आणणं, ट्रॅक्टर, गाड्या, बाजार हे सगळं माझे मालक बघतात. आणि गूळ मी करते. बाईमाणूस काहिलीवर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, उभं राहून गूळ करतं हे ऐकून अजूनही कुणी कुणी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतं. त्याचं असं झालं की, एका हंगामात आमचा पगारी गुळव्या, म्हणजे गूळ करणारा माणूस, रस उकळत असताना भांडण काढून मोटरसायकलवर बसून निघून गेला. मालक बाजारात होते. काहिलीत रस, खाली जाळ, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. मी लग्न होऊन आल्यापासून त्या शेडमध्ये उकळत्या रसावरची मळी काढत होते. पदर खोचला, वरून मालकांचा शर्ट चढवला आणि पुढं झाले. पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बघितली, काहिल उतरवायला लावली. सकाळी ढेपा सुटल्या तेव्हा रंग असा आला होता की मामंजींनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि नुसतं "हं" म्हणाले. त्यांचा एक "हं" म्हणजे चांगलं, दोन "हं" म्हणजे काहीतरी बिघडलं. मला त्या दिवशी एकच मिळाला. तेव्हापासून काहिल माझी.

मी गूळ चांगला करते. यात खोटा विनय कशाला? बाजारात आमच्या ढेपा ओळखू येतात आणि गिऱ्हाईक 'बाईचा गूळ' म्हणून मागून नेतं.

शिरांचं दुखणं दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालं. आधी पोटरीवर निळी रेघ, मग गाठी, मग कातडीखाली दोरखंड गुंडाळून ठेवल्यासारखा सगळा पाय. साडी पायघोळ असते, त्यामुळे झाकून गेलं. संध्याकाळपर्यंत पाय भरून यायचा, रात्री पोटरीत गोळे यायचे. घोट्याला खाज सुटायची, तिथली कातडी हळूहळू काळी पडली. मग एक दिवस उसाचं चिपाड लागून बारीकसं खरचटलं आणि तेवढ्याची जखम झाली. ती काही केल्या भरेना. वर खपली धरायची, आतून पाणी यायचं.

आमच्या गुऱ्हाळात कुठल्याही दुखण्याला एकच औषध असतं, शेक. कंबर धरली, शेका. मान अवघडली, शेका. काहिलीखालच्या चुलवणात जाळ तर दिवसभर पेटलेलाच असतो, मग औषध शोधायला जायचं कशाला? मीही काम संपलं की चुलवणाच्या तोंडाशी पाय धरून बसायची. बाकीची माणसं घरी गेलेली असायची. फडकं गरम करून पोटरीला गुंडाळायचं, वर विटकरीचा शेक. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. सकाळी पाय कालच्यापेक्षा जड. मग मी काय करायची, तर संध्याकाळी आणखी शेकायची. असा तो आगीतून फुफाट्यात चाललेला कारभार मी बरीच वर्षं अगदी मन लावून केला.

हंगाम संपता संपता मी लंगडायला लागले. मालकांनी बघितलं, मामंजींनीही बघितलं. आमच्या भागात बरीच गुऱ्हाळं हल्ली उत्तरेकडून आलेले ठेकेदार चालवायला घेतात. त्यांची माणसं, त्यांचा गुळव्या, गुऱ्हाळवाल्याने फक्त जागा द्यायची. तसा एक ठेकेदार आमच्याकडे विचारून गेला होता. एका संध्याकाळी जेवताना मालक म्हणाले की, पुढच्या हंगामापासून गुऱ्हाळ त्याला देऊन टाकू, तुझ्या पायाला विश्रांती मिळेल. मामंजींनाही पटलंय. हे मला भाकरी वाढताना सांगितलं. माझ्या पायाचा निकाल लागला आणि मला तो जेवणाच्या ताटावर कळला.

ठेकेदार आला की काहिलीवर त्याचा माणूस उभा राहणार आणि मी घरात चुलीपुढं बसणार, एवढं लख्ख दिसत होतं. मालकांचा हेतू वाईट नव्हता, माझे हाल त्यांना बघवत नव्हते. तरी मला राग आला तो आला. त्या रात्री भांडी मी जरा जास्तच आवाज करून घासली.

आमची लेक रांजणगावला एका कंपनीत कामाला आहे आणि मैत्रिणींबरोबर शिरूरला खोली करून राहते. तिला फोनवर सगळं सांगितलं तर ती म्हणाली की, त्यांच्या लाइनीवरच्या एका बाईचे पाय असेच होते, तिने लेझर करून घेतलं आणि ती लवकरच पुन्हा लाइनीवर उभी राहिली. कापाकापी नाही, टाके नाहीत. मला खरं वाटेना. पण गुऱ्हाळ पावसाळ्यात बंद असतं, वेळ होता. पिशवी भरली आणि न्हावऱ्यावरून शिरूर गाठलं.

डॉक्टर पुण्याहून ठरलेल्या वारी शिरूरला यायचे. तरुण मुलगा. मला मावशी म्हणाला, ते मला काही आवडलं नाही, पण पाय दाखवायचा होता म्हणून गप्प बसले. त्याने मला छोट्या स्टुलावर उभं केलं, पायाला गार जेली लावली आणि एक यंत्र मांडीपासून खाली फिरवत पडद्यावर बघत राहिला. पडद्यावर लाल-निळे डाग पळत होते. तो समजावून सांगायला लागला की, पायातलं रक्त शिरांमधून वर चढतं, ते खाली पडू नये म्हणून शिरांना आत बारीक झडपा असतात, तुमच्या या मोठ्या शिरेतल्या झडपा सैल झाल्यात, त्यामुळे चढलेलं रक्त परत खाली येऊन साठतं.

"म्हंजी विहिरीवरच्या मोटारीचा वॉल गेल्यागत," मी म्हणाले. "मोटार बंद केली की पाइपातलं पाणी परत विहिरीत."

तो खूश झाला. म्हणाला, अगदी तसंच, आणि पुढच्या पेशंटला मी हेच सांगणार. मग म्हणाला की, ती शीर आता काम करत नाही, उलट त्रास देते. तिच्यात केसापेक्षा थोडी जाड अशी तार घालायची आणि आतून उष्णता देऊन ती बंद करून टाकायची. रक्त बाकीच्या चांगल्या शिरांमधून वर जातं. त्याच दिवशी चालत घरी.

मग त्याने कामाचं विचारलं. मी सांगितलं, काहिलीपाशी उभी असते, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. शेकाचंही सांगितलं, तेही जरा कौतुकाने, की बघा, मी हयगय केली नाही. त्याने पेन खाली ठेवलं. उष्णतेने शिरा आणखी फुगतात, हे त्याने मला दोनदा सांगितलं, एकदा मावशी म्हणून आणि एकदा न म्हणता.

पुढचा प्रश्न त्याने सहज विचारला. एक काहिल शिजायला बराच वेळ लागत असेल, सगळा वेळ तुम्हाला ढवळावं लागतं का? मी म्हणाले, छे, सुरुवातीला रस तापेपर्यंत माझं काहीच काम नसतं. मग मळी काढायची, रस निवळायला भेंडीचं पाणी सोडायचं, खरं काम शेवटी. मग मधल्या वेळात बसत का नाही, त्याने विचारलं.

मला प्रश्नच कळेना. "मामंजी असतात ना," मी म्हणाले.

डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. लेक मात्र भिंतीकडे बघत होती. शेडमध्ये मामंजींची बाज असते, काहिलीच्या बरोबर समोर. सकाळी येऊन बसतात ते संध्याकाळीच उठतात. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यासमोर खुर्चीवर, बाजेवर, कशावरही बसलेली नाही. खाली जमिनीवर टेकावं तर सगळी राड, आणि तिथून काहिलीच्या आतलं दिसत नाही. त्यामुळे खांबाला टेकून उभं राहायचं. आमच्याकडे कुठलीच सून बसत नाही. त्यात सासऱ्यांचा जाच वगैरे काही नव्हता, त्यांनी मला कधी उभी राहा असं म्हटलं नाही. बस असंही म्हटलं नाही. हा विषयच कधी निघाला नव्हता.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर लेक रस्त्यात थांबली आणि म्हणाली, "आई, तुझा पाय काहिलीनं न्हाई खाल्ला. बाजेनं खाल्लाय."

मी तिला गप्प केलं. आजोबांविषयी असं बोलायचं नाही म्हणून वर दरडावलंही. पण ते वाक्य रात्रभर माझ्याबरोबर जागं होतं.

लेझरच्या दिवशी मला भूल देऊन झोपवतील असं वाटलं होतं. तसं काही नाही. आधी उभं करून पेनाने शिरांवर रेघा मारल्या, मग टेबलावर निजवलं, हिरवी चादर पांघरली, डोळ्यांना काळा चष्मा दिला. गुडघ्याशेजारी एक सुई, तेवढंच छिद्र. त्यातून तार आत गेली. मग मांडीभर सुया, त्यातून गार पाणी शिरेच्या भोवती सोडत होते. ते टोचणं तेवढं खरं दुखलं. हे कशाला, विचारलं, तर म्हणाला की आत उष्णता द्यायची आहे, ती शिरेलाच लागावी, आजूबाजूला लागू नये, म्हणून. हे मला आवडलं. जाळ जिथं पाहिजे तिथंच लागला पाहिजे, नाहीतर काहिल कडेने करपते.

चष्म्याच्या कडेने मी बघत होते. तारेच्या टोकाला लाल उजेड होता आणि तो कातडीच्या खालून दिसायचा. जांघेपासून हळूहळू खाली सरकायचा. तोंडाला जरा जळकट चव आली, बाकी काही नाही. माझ्याने गप्प राहवेना. म्हटलं, दिसत नसताना शीर किती भाजली हे तुम्हाला कसं कळतं? तो पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला की, एवढ्या लांबीला एवढी उष्णता असं ठरलेलं असतं, त्या बेताने तार मागं ओढायची. मी म्हटलं, "मंग घाई करू नका. घाईनं कच्ची ऱ्हाती."

"मावशी, मी घाई करत नाही," तो म्हणाला. आणि खरंच करत नव्हता. हाताने काम करणारा माणूस मला दुरून कळतो. त्याचा हात चांगला होता.

संपल्यावर पायात मांडीपर्यंतचा घट्ट मोजा चढवला आणि म्हणाले, उठा, चाला. मी ज्या पायाने आत गेले त्याच पायाने बाहेर आले. दवाखान्याच्या लांबच्या लांब बोळातून फेऱ्या मारल्या, मग लेकीबरोबर शिरूरच्या बाजारातून खोलीवर गेले, वाटेत कोथिंबीर घेतली. दुसऱ्या दिवशी निमोण्याहून माझ्या माहेरच्या बायका सफरचंदं घेऊन भेटायला आल्या. ऑपरेशन झालंय म्हणजे बाई आडवी असणार, असा त्यांचा हिशेब. खोलीला कुलूप होतं आणि मी खालच्या गल्लीत फेऱ्या मारत होते. त्यांच्या तोंडावरची निराशा बघण्यासारखी होती. मग त्याही माझ्याबरोबर चालल्या. चालता चालता एकीने हळूच विचारलं की, माझाही पाय बघशील का गं? गल्लीच्या टोकाला जाऊन तिने लुगडं जरासं वर धरलं. तशाच शिरा. मग दुसरीने दाखवल्या. एवढी वर्षं आम्ही एकमेकींच्या हळदीकुंकवाला जात होतो आणि कुणी कुणाचा पाय पाहिला नव्हता.

मांडीत आतून दोरी ओढल्यासारखं काही दिवस वाटलं, निळे-पिवळे डाग पडले आणि गेले. पट्टी बदलत राहिले, आणि जी जखम शेकून शेकून भरत नव्हती ती दिवाळीच्या आत मिटली. पहिल्यांदा कोरडी कातडी हाताला लागली तेव्हा मी न्हाणीघरात एकटीच रडले. आनंदाने रडले, उगाच दुसरं काही सांगत नाही.

कामाला डॉक्टरने नाही म्हटलं नाही. अट एवढीच घातली की एका जागी तासन् तास उभं राहायचं नाही, अधूनमधून बसायचं आणि बसल्यावर पाय वर ठेवायचा. चुलवणाच्या तोंडापासून लांब राहायचं. त्याने हे इतकं सोपं करून सांगितलं. घरी मालकांना सांगितलं तर त्यांनी डोक्याला हात लावला.

"आबांच्या म्होरं? पाय वर करून?" ते म्हणाले. "आगं, मी सुदिक बसत न्हाई त्यांच्या म्होरं."

"तुमचा पाय दुखत न्हाई," मी म्हणाले.

हंगाम तोंडावर आला आणि ठेकेदार गुऱ्हाळ बघायला येणार असं ठरलं. चालू गुऱ्हाळ बघू द्या त्याला, मामंजी म्हणाले, एक काहिल चढवा. ती काहिल माझी शेवटची ठरणार हे मला कळत होतं, मालकांना कळत होतं, ऊस पिळायच्या चरकावरच्या माणसांनाही कळत होतं. मी मोजा चढवला, शर्ट चढवला आणि गेले.

ठेकेदार सकाळीच आला. चांगला माणूस होता, अदबीने बोलणारा. त्याच्यासाठी घरातून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या, पण तो चरक बघत, चुलवण बघत फिरत होता. रस काहिलीत पडला, जाळ लागला. आता रस तापेपर्यंत मला काम नव्हतं. मी खांबाला टेकले. मामंजी समोर बाजेवर. पाय जड व्हायला लागला, पूर्वी व्हायचा तसा, घोट्यापासून वर. मी स्वतःशी म्हटलं, थोडा वेळ तर आहे, आजचा दिवस निभावून ने. मग वाटलं, आज निभावून कुणासाठी न्यायचं? ज्या पायासाठी मी टेबलावर निजले तो पाय परत याच खांबाला बांधायचा?

मी पाहुण्यासाठी आणलेली एक खुर्ची ओढली, काहिलीच्या आत दिसेल अशी ठेवली आणि बसले. एक बादली पालथी घातली आणि डावा पाय तिच्यावर ठेवला. शेडची जागाच अशी की माझं पाऊल नेमकं मामंजींच्या बाजेकडे झालं.

जाळ घालणाऱ्याच्या हातातलं चिपाड हातातच राहिलं. मालक उसाच्या फडाकडे बघायला लागले, जणू तिकडून कुणी हाक मारली होती. बसून गूळ करणं म्हणजे आमच्यात उंटावरून शेळ्या हाकणं, वर सासऱ्याकडे पाय. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, मोज्याकडे पाहिलं. त्यांनी एक "हं" केला नाही की दोन केले नाहीत.

मग ते उठले. मला वाटलं, निघाले. शेड सोडून चालले, आता घरी जाऊन काय ऐकावं लागेल देव जाणे. पण ते गेले नाहीत. त्यांनी वाकून बाजेची कड धरली आणि ओढायला लागले. एकट्याला ती हलेना. मालक धावले. दोघांनी मिळून बाज पूर्ण फिरवली, आणि मामंजी माझ्याकडे पाठ करून, उसाकडे तोंड करून बसले. उभ्या जन्मात त्या माणसाने चढलेल्या काहिलीवरून नजर काढली नव्हती.

ठेकेदाराला यातलं काही कळलं नसावं. तो बाजेपाशी गेला आणि करार कधीपासून धरायचा असं त्याने विचारलं. मामंजींनी मान वळवली नाही.

"मला काय इचारता?" ते म्हणाले. "आमचा गुळव्या मागं बसलाय. त्याच्याशी बोला."

आजवर ते लोकांना 'आमच्या सूनबाई गूळ बघत्यात' असं सांगायचे. पण त्यात रमायला वेळ नव्हता, रसाला उकळी फुटत होती आणि माणूस माझ्यापुढं येऊन उभा राहिला होता. मी त्याला गुऱ्हाळ द्यायचं नाही म्हणून सांगितलं. पाय मी खाली घेतला नाही.